तूप, तेल आणि इज्जत : वऱ्हाडातल्या उन्हाळी दस्तरख्वानाचा इतिहास

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात बादशाही मुदपाकखान्याची मोठी तपशीलवार नोंद ठेवली आहे. त्यात खिचडीचे माप असे दिले आहे : तांदूळ ५ शेर, डाळ ५ शेर, तूप ५ शेर आणि मीठ एक तृतीयांश शेर. जितके धान्य तितकेच डाळीचे वजन, आणि जितकी डाळ तितकेच तूप! पालकासारख्या पालेभाज्यांच्या सागाला १० शेर भाजीमागे दीड शेर तूप सांगितले आहे. गंमत अशी की, हे दोन्ही पदार्थ अबुल फजलने 'सूफियाना' म्हणजे बिनामांसाच्या, साध्या जेवणाच्या यादीत घातले आहेत. बादशहा ज्या दिवशी मांस वर्ज्य करीत, त्या दिवशीचे हे खाणे. साधेपणाची ही तऱ्हा, तर मेजवानीची कशी असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

याच ग्रंथात वऱ्हाडच्या सुभ्याचाही हिशेब आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले, तेव्हा आपल्या यवतमाळची नोंद 'योत लोहारा' या जोडनावाने परगण्याचे ठिकाण म्हणून झाली. कळंबचा सरकार (म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा) त्यात आहे. त्या परगण्यातला कुणबी, तेली, मोमीन, पिंजारी, गोंड, कोलाम काय खात होता, हे मात्र अबुल फजलने लिहिले नाही. शेजारच्या खानदेश सुभ्याबद्दल तो एवढे सांगतो की, तिथे मुख्यतः ज्वारी पिकते आणि काही ठिकाणी वर्षातून तीनदा पिकते. इतिहासात राजाच्या खिचडीतले तूप मोजले गेले. रयतेच्या भाकरीवर तेलाचा थेंब होता की नव्हता, ते कोणी मोजले नाही.

प्रस्तुत लेखात या न मोजलेल्या तेलाचा मागोवा घ्यायचा आहे. हा केवळ पाककृतींचा विषय नाही. आज आपल्या मोहल्ल्यांत मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार नसलेले घर शोधावे लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे. त्यातच विदर्भाचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या मुलखात आपण काय खातो, कशात तळतो आणि कशाने तहान भागवतो, हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर इतिहासाचे पानही उघडावे लागते.

घाणीचे तेल, चमच्याचे माप

वऱ्हाडात तेल कधीच कमी नव्हते. तीळ, जवस, करडई, पुढे भुईमूग आणि जंगलपट्ट्यात मोहाच्या बिया असे अनेक प्रकार होते. परंतु हे तेल लाकडी घाणीतून बैलाच्या पायाने निघत असे. दिवसभर बैल फिरवावा तेव्हा कुठे काही शेर तेल हाती येई. तेच तेल दिव्याला, तेच डोक्याला, तेच बाळंतिणीच्या मालिशीला आणि तेच फोडणीला. साहजिकच स्वयंपाकात त्याचे माप चमच्याने होई. तळण हे सणाचे, ईदचे, लग्नाचे काम होते.

रोजच्या ताटात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, कांदा, ठेचा, जवसाची किंवा तिळाची चटणी असे. उन्हाळ्यात त्यात आंबील, ज्वारीच्या कण्या, ताक, कैरीचे पन्हे आणि चिंचेचे पाणी यांची भर पडे. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून, शिजवून, मीठ-जिरे-लसूण घालून केलेली आंबील ही वऱ्हाडची खास चीज. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरी महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ती लागतेच. आपल्या घरांत ती नैवेद्याची नव्हे, पण उन्हाळ्याची म्हणून ओळखीची आहे. अंबाडीचेही तसेच. दख्खनी मुसलमानांच्या घरात तिला 'अंबाडा' म्हणतात आणि ती गोश्तात पडते. शेजारणीच्या घरी तीच भाजी डाळीत आणि कण्यांत शिजते. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे राज्य होते, आणि १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे जाईपर्यंत अलीकडेही होते. त्यामुळे उमरखेड-पुसदच्या दस्तरख्वानावर हैदराबादी आंबटपणा आणि वऱ्हाडी तिखटपणा एकत्र नांदतात. चिंच, कैरी, अंबाडी आणि ताक या चार आंबट वस्तूंनी इथला उन्हाळा सुसह्य केला आहे.

युनानी हकीम याच गोष्टीकडे 'तासीर'च्या भाषेत पाहत. गरम आणि सर्द, खुश्क आणि तर असे अन्नाचे गुण सांगून ऋतूप्रमाणे खाण्याचा सल्ला देणारी ही परंपरा इब्न सीनाच्या 'अल-कानून' या ग्रंथातून हिंदुस्थानच्या हकिमांपर्यंत आली. काकडी आणि खजूर एकत्र खाण्याची सुन्नत हदीसमध्ये नोंदलेली आहे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही शिकवणही आपण लहानपणापासून ऐकतो. आधुनिक वैद्यक 'तासीर' मानत नाही, हे खरे. परंतु उन्हाळ्यात हलके, पाणीदार, कमी स्निग्ध खावे, या निष्कर्षावर हकीम आणि डॉक्टर यांचे भांडण नाही. स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात, त्यामुळे पोट जड राहते. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते, आणि ते भरून काढावे लागते. खारट ताक किंवा आंबील हे काम करते.

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने अगणित कॉलराग्रस्तांचे प्राण वाचवले, तेव्हा जगाला 'जलसंजीवनी'चे महत्त्व पटले. मिठाबरोबर साखर किंवा पिष्ट पोटात गेले की पाणी आतड्यात चांगले शोषले जाते, हे त्यामागचे तत्त्व. आंबील हे औषध नव्हे आणि तिचे प्रमाण मोजलेले नसते, पण पाणी, मीठ आणि पिष्ट एकत्र आणण्याची समज आमच्या आज्या-नान्यांच्या हातात होती.

गरिबीला सद्गुण समजू नये

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'जुने ते सोने' म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण जुन्या ताटात तेल कमी होते, याचे कारण लोक शहाणे होते एवढेच नव्हते; ते गरीब होते, हेही होते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीवर इंग्रजांची नजर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. धामणगावच्या स्टेशनाकडे यवतमाळच्या कापसाच्या बंड्या जाऊ लागल्या. शेतात कापूस वाढला, ज्वारी मागे हटली, आणि धान्य विकत घ्यायची वेळ आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात माणसे मेली ती निव्वळ पाऊस नव्हता म्हणून नव्हे. महाग झालेली ज्वारी विकत घ्यायला पैसा नव्हता म्हणूनही. आपला जिल्हा तेव्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई. 'यवतमाळ जिल्हा' हे नाव १९०५ मध्ये आले.

दुसरी गोष्ट. केवळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या मजुरांत 'पेलाग्रा' नावाचा आजार दिसे. कातडी काळी पडून सोलली जाई, जुलाब होत, डोके भ्रमे. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये हैदराबादेत या आजाराचा ज्वारीशी असलेला संबंध दाखवून दिला. दोष एकट्या ज्वारीचा नव्हता. ताटात ज्वारीशिवाय दुसरे काही नसण्याचा होता. डाळ, दूध, पालेभाजी, अंडी, थोडे गोश्त, थोडे तेल असते तर तो आजार जडला नसता. म्हणून कमी तेलाचा आग्रह धरताना हे विसरू नये की, उपाशी माणसाला आणि वाढत्या मुलाला चरबीची गरज असते. कुपोषित लेकराच्या वरणातले तूप काढून घेणे हा आरोग्याचा सल्ला नव्हे, जुलूम आहे.

या गरिबीतच आपल्या प्रश्नाचे मूळ आहे. ज्याच्या घरी तेल-तूप, तो खानदानी. ज्याच्या घरी नाही, तो फटका. पाहुण्याच्या ताटातल्या सालनावर तेलाची तर्री तरंगली पाहिजे, नाहीतर यजमानाची इज्जत गेली. बादशाही खिचडीतले तूप आपल्या स्वप्नात शिल्लक राहिले आणि परवडू लागताच ते ताटात उतरले. पण उतरले ते तूप नव्हतेच.

पिवळ्या डब्याची करामत

जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती शोधली. या युक्तीने तयार झालेले वनस्पती तूप हिंदुस्थानात प्रथम परदेशातून आले. नंतर लिव्हर कंपनीने मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला, आणि १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव बाजारात आले. दिसायला तुपासारखे, दाणेदार, टिकाऊ आणि तुपाहून कितीतरी स्वस्त! गरिबाच्या घरातही आता 'तुपातला' हलवा होऊ लागला. डालडाचा रिकामा डबा तुळशीला आणि मोगऱ्याला कुंडी झाला, धान्याला माप झाला. एखादी वस्तू घराघरात किती मुरली, हे पाहायचे तर तिच्या रिकाम्या डब्याचे काय होते ते पाहावे.

या तुपाची भेसळ अस्सल तुपात होऊ लागली, तेव्हा सरकारने वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती केली. चवीसाठी नव्हे, तिळाचे तेल रासायनिक चाचणीत लाल रंग देते, त्यामुळे चोरी पकडता यावी म्हणून.

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात याच काळात वेगळाच प्रयोग चालू होता. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेत झवेरभाई पटेल यांनी बैलघाणीवर अभ्यास करून सुधारित घाणी तयार केली. गांधीजींचा वनस्पती तुपाला विरोध होता. अस्सल तूप परवडत नसेल तर घाणीचे ताजे तेल खावे, तुपाचे सोंग कशाला, अशी ही भूमिका होती. पुढे वनस्पतीवर बंदी घालण्याची मागणीही झाली, पण ती टिकली नाही. कारखाना जिंकला, घाणी हरली. गावागावांतले तेली दुसऱ्या धंद्याला लागले.

विज्ञानाचा निकाल फार उशिरा आला. तेल अर्धवट घट्ट करताना 'ट्रान्स फॅट' तयार होते आणि ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांना घातक असते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर कडक मर्यादा घातली. भारतात तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणत १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणण्यात आली. मधल्या ८५ वर्षांत किती पिढ्यांनी तो हलवा खाल्ला, याचा हिशेब कोणत्या आईनमध्ये लिहायचा?

रेशनचे पामतेल आणि सोयाबीनचे पाकीट

दुसरा बदल धान्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल 'मिलो' ज्वारी आली, रोजगार हमीच्या कामांवर सुकडी वाटली गेली. संकरित ज्वारी १९६० नंतरच आली होती. पुढे रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागले. भूक भागली, ही मोठी गोष्ट आहे. तिला नाव ठेवण्याचा अधिकार भरल्या पोटाला नाही. पण ज्वारी मागे पडली. शेतात कापसाच्या जोडीला सोयाबीन आले आणि जिथे ज्वारी उभी राहत असे, तिथे सोयाबीनच्या शेंगा दिसू लागल्या. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गुरे कमी झाली, गुरांबरोबर घरचे ताक गेले. आंबील नाहीशी झाली ती आवड बदलली म्हणून नव्हे. तिचे पीठ आणि ताक दोन्ही अंगणातून गेले म्हणून.

तेलाचेही असेच झाले. परदेशी पामतेल रेशनवर आले, मग सोयाबीनचे आणि सरकीचे रिफाइंड तेल पाकिटातून आले. सरकीच्या तेलात 'गॉसिपॉल' हे विषारी द्रव्य असल्याने ते शुद्ध केल्याशिवाय खाता येत नाही. कारखान्यांनी ते शक्य केले आणि फरसाणाच्या कढया त्यावर चालू लागल्या. आज भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो. ज्या वऱ्हाडातून एकेकाळी जवस विलायतेला जात असे, तिथल्या किराणा दुकानात मलेशिया-इंडोनेशियाचे पामतेल विकले जाते. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग 'ओमेगा-३' प्रकारच्या स्निग्धाम्लाचा असतो, म्हणून शहरात त्याच्या बिया आता औषधासारख्या खपतात. आपल्या आजीच्या पाट्यावर ती चटणी होती.

दोन रमजान

हा सगळा बदल एका मापाने मोजता येतो. चांद्र वर्षामुळे रमजान सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. १९८५ ते १९८७ या वर्षांत रमजान मे महिन्याच्या उन्हाळ्यात होता. पुन्हा तो तिथे आला २०१७ ते २०१९ मध्ये. दोन्ही वेळी ऊन तेच, रोजा साडेचौदा तासांच्या आसपासचा. बदलला तो दस्तरख्वान.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. आधीच्या रमजानात इफ्तारीला खजूर, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, उकडलेले चणे, टरबूज-खरबूज, माठातले पाणी, लिंबाचे शरबत आणि एखाद्या दिवशी भजी. दुसऱ्या रमजानात रोज समोसे, भजी, कटलेट, रोल, आणि त्यावर रंगीत गोड पेय. दिवसभर कोरड्या पडलेल्या पोटात पहिला घास तळणाचा! मशिदीबाहेरच्या कढईत तेच तेल दिवसेंदिवस उकळताना आपण सारे पाहतो. वारंवार तापवलेल्या तेलात घातक घटक वाढतात, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यावर मर्यादा लागू केली आहे. किती कढयांना ती माहीत आहे?

शरबतांचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. दिल्लीच्या हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये हमदर्द दवाखाना काढला आणि १९०७ मध्ये उन्हाचा त्रास कमी व्हावा म्हणून 'रूह अफजा' तयार केले. औषध म्हणून निघालेले हे शरबत चमच्याने घ्यायचे होते. आपण ते ग्लासाने घेतो, वर दूध-साखर घालतो. मधुमेही रोजेदाराला ते परवडणारे नाही.

मोजता येईल असा हिशेब

१९३७ मध्ये कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. ॲक्रॉइड यांनी हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे पहिले कोष्टक प्रसिद्ध केले. तीच संस्था पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ताकात १५ कॅलरी आणि १.१ ग्रॅम स्निग्धांश असतो. १०० ग्रॅम ज्वारीत १.९ ग्रॅम, तुरीच्या डाळीत १.७ ग्रॅम. याउलट एक मोठा चमचा तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. म्हणजे एक चमचा तेल बरोबर ताकाचे चार पेले!

दर माणशी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरेसे आहे, असे पोषणतज्ज्ञ सांगतात. पाच माणसांच्या घराला महिन्याला ५ लिटरचा एक डबा ही वरची सीमा झाली. प्रत्येक घराने महिन्याचे तेल एकदा मोजून पाहावे. मोजले की बदल आपोआप सुचतो : बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने घालणे, भजीऐवजी चण्याची उसळ, सालनावरची तर्री काढून ठेवणे, लौकी-तुरई-अंबाडी कमी बघारात शिजवणे, आठवड्यातून काही दिवस ज्वारीची भाकर, जेवणाबरोबर ताक. रक्तदाब असलेल्यांनी मिठाचा हात आखडता ठेवावा आणि मधुमेहींनी रोज्याचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. शरियतनेही आजाऱ्याला सवलत दिलेलीच आहे.

पण घरातल्या स्त्रीने एकटीने हे करायचे म्हटले तर होणार नाही. तिने तेल कमी केले की 'आज चव नाही' असे म्हणणारे पुरुष आणि 'यांच्याकडे काय कमी पडले?' असे विचारणारे पाहुणे असतात. इज्जतीचे माप समाजाने ठरवले आहे, ते समाजानेच बदलले पाहिजे. लग्नाच्या देगेत तेल किती, हे बावर्ची ठरवतो. त्याला सांगण्याची हिंमत यजमानाने केली पाहिजे. इफ्तार पार्ट्यांत तळणाऐवजी फळे आणि चणे ठेवणाऱ्या मशीद कमिटीचे कौतुक झाले पाहिजे.

मोहर्रममध्ये सबील लावण्याची आपली जुनी रीत आहे, शेजारी पाणपोई घालतात. २०१० च्या उष्माघाताच्या तडाख्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि नंतर नागपूरनेही तो मार्ग धरला. त्या आराखड्यात पिण्याच्या पाण्याच्या सोयीला मोठे स्थान आहे. एप्रिल-मेमध्ये बसस्थानकाजवळ, कापूस बाजाराजवळ, उर्दू शाळेच्या फाटकाशी ताकाची सबील लावली, तर त्याला मोहर्रमची वाट पाहावी लागणार नाही. हमाल, रिक्षावाला, बांधकामावरची बाई, शाळेतून परतणारे लेकरू, जात-धर्म न विचारता सगळे तिथे थांबतील.

रमजान आता हिवाळ्याकडे सरकला आहे. मे महिन्याच्या उन्हात तो पुन्हा येईल २०५० च्या आसपास. आज आमच्या वर्गात बसणारी मुले-मुली तेव्हा घरची कर्ती असतील. त्यांच्या दस्तरख्वानावर काय असेल, ते आज आपण त्यांच्या डब्यात काय भरतो, यावर ठरणार आहे.